जाळ्याची कड बुडते तेव्हा

आपल्या किनाऱ्यावरील कोळी ज्याला कुपा म्हणतात, त्याचा एक पिवळ्या परांचा भाईबंद पूर्व प्रशांत महासागराच्या उष्ण कटिबंधात डॉल्फिनांच्या थव्याखाली पोहत असतो. डॉल्फिन श्वासासाठी वर येतो आणि खालच्या माशाचा ठावठिकाणा नकळत सांगून जातो.

सॅन दिएगोचे मच्छीमार पूर्वी गळकाठीने एकेक मासा ओढीत असत. १९५० नंतरच्या दशकात नायलॉनची जाळी व ती ओढणारी यांत्रिक कप्पी आली. मग वेगवान होड्यांनी डॉल्फिनांना हाकून आणावे, भोवती प्रचंड जाळे सोडावे आणि बटव्याची नाडी ओढावी तशी तळाची दोरी आवळावी, असा प्रघात पडला. मासा हाती येई. डॉल्फिन जाळ्यात गुदमरून मरत, आणि तेही वर्षाला लाखांनी.

श्रोतेहो, यावरील तोड नौकेवरच निघाली. जाळे अर्धे ओढल्यावर नौका मागे घ्यावयाची. ताणाने बुचांची दोरी क्षणभर पाण्याखाली जाते व त्या वाटेने डॉल्फिन निसटतात. १९७१ साली मेदिना नावाच्या कप्तानाने नेमक्या त्या भागात बारीक विणीची पट्टी बसविली, म्हणजे त्यांची तोंडे अडकू नयेत.

अमेरिकेचा कायदा १९७२ सालचा. पण कायदा एका ध्वजाला बांधतो, आणि ध्वज बदलता येतो! सरकारी नोकरीत उमेद घालविलेल्या मला याचे नवल वाटत नाही. १९८६ सालीही लाखाहून अधिक डॉल्फिन मेले. पुढे ला बड नावाच्या तरुणाने पनामाच्या एका नौकेवर नोकरी धरून हा संहार चित्रित केला. १९८८ साली ती दृश्ये लोकांनी पाहिली आणि १९९० साली मोठ्या डबेवाल्या कंपन्यांनी असा मासा घेणे नाकारले. १९९२ च्या ला होया कराराने प्रत्येक मोठ्या नौकेवर निरीक्षक आणि मृत्यूंची मर्यादा घातली. १९९३ साली आकडा चार हजारांच्या आत आला.

मात्र डॉल्फिन टाळणाऱ्या नौका तरंगत्या ओंडक्यांभोवती जाळी टाकू लागल्या. तेथे लहान, अवाढीचे कुपे सापडतात. शार्क आणि कासवेही सापडतात. डब्यावरील चिठ्ठी त्यांच्याविषयी मूक असते.

आपल्या मिनिकॉयचे नावाडी आजही गळकाठीने एकेक मासा ओढतात. त्यांच्या गळाला कासव लागत नाही. मात्र आमिषाची जिवंत मासळी त्यांना प्रवाळांच्या खाजणातूनच आणावी लागते.