मांड सैल, मांड पक्की

घोड्यावर बसायला भिणाऱ्या माणसासाठी लिहिलेली पुस्तके आज इंग्रजीत आणि जर्मनमध्ये पुष्कळ मिळतात. श्वास कसा सोडावा, खांदे खाली कसे येऊ द्यावेत, गुडघा आवळला की घोड्याला काय कळते, पडण्याच्या धास्तीने अंग कुठे कुठे ताठरते, असे त्यांचे विषय. घोड्याविषयी लिहिण्याची परंपरा सुमारे साडेतीन हजार वर्षांची आहे. धास्तावलेला स्वार मात्र या परंपरेत फार उशिरा आला. तो उशिरा का आला आणि त्याला कोणी आणले, याची ही कुळकथा.

तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे, हित्ती लोकांच्या हत्तुशा या राजधानीच्या जागी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीलाक्षरी लिपीतल्या मातीच्या पाट्या हजारोंनी सापडल्या. त्यातल्या काहींवर किक्कुली नावाचा माणूस बोलतो. तो मितान्नी देशाचा, धंद्याने घोड्यांचा शिक्षक. काळ इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासचा. रथाच्या घोड्यांना महिनोन्‌महिने कसे तयार करायचे याची दिवसवार आखणी त्याने दिली आहे. आज किती पळवायचे, वैरण कधी तोडायची, पांघरुणे घालून घाम कधी काढायचा, पाण्यात किती वेळा घालायचे. फेऱ्या मोजताना तो ऐक, तेर, पंझ, सत्त असे आकडे वापरतो. त्यांच्यानंतर येणारा ‘वर्तन्न’ हा शब्दही आपल्याला परका वाटत नाही. भारतीय वाचकाला हे वाचून भरून येणे साहजिक आहे. पण या पाट्यांमध्ये घोड्याच्या पाठीवर कोणीच नाही. घोडे रथाला जुंपायचे आहेत, आणि मजकूर सगळा त्यांच्याविषयीच आहे.

आपल्याकडचे अश्वशास्त्रही बहुतांशी असेच. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली विद्या मुख्यतः घोड्याची परीक्षा, त्याचे रोग आणि औषधे यांची. घोड्याच्या वैद्याला मराठीत सालोत्री म्हणतात, तो याच शालिहोत्राचा वारस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पागा कशी असावी, खुराक किती द्यावा, घोड्याच्या चाली किती, हे सगळे येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त तर घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचा राजविनोदही वर्णिला आहे. तंजावरच्या मराठे राजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र १९५२ साली छापून काढले. या ग्रंथांतले घोड्याचे ज्ञान थक्क करणारे आहे. पण वर बसलेल्याच्या पोटात गोळा येत असेल तर काय करावे, याचे उत्तर तिथे शोधू नये. राजपुत्राला भीती वाटते असे लिहायचे कोणी?

स्वाराच्या शरीराकडे नीट पाहणारे, आज हातात असलेले पहिले पुस्तक ग्रीक आहे. झेनोफन हा अथेन्सचा सॉक्रेटिसचा शिष्य. तो भाडोत्री फौजेबरोबर इराणी साम्राज्याच्या पोटात शिरला आणि इ.स.पू. ४०१ च्या पराभवानंतर हजारो सैनिकांना घेऊन लढत परतला. उतारवयात, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याकडे, त्याने घोडेस्वारीवर छोटेसे पुस्तक लिहिले. आपल्याआधी सायमन नावाच्या अथेनियनाने यावर लिहिले आहे असे तो स्वच्छ सांगतो. सायमनचे लिखाण तुकड्यातुकड्यांनीच उरले, झेनोफनचे पूर्ण राहिले.

त्या काळी खोगीर म्हणजे फार तर एक कापड, आणि रिकीब तर नव्हतीच. अशा वेळी झेनोफन सांगतो की खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे. मांडीची पकड असू द्यावी, पण गुडघ्याखालचा पाय सैल लोंबू द्यावा, कारण ताठ पाय कशावर आपटला तर मोडतो आणि सैल पाय मागे जातो, मांड मात्र हलत नाही. कमरेच्या वरचे अंगही शक्य तितके मोकळे ठेवावे. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हा त्याचा दुसरा मोठा धडा. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारून तिच्याकडे नेऊ नये, कारण मग वस्तूची भीती आणि माराची भीती त्याच्या मनात एक होऊन बसतात. लढाईत तापलेल्या माणसाने हे लिहावे याचे मला फार अप्रूप वाटते. आजच्या पुस्तकांची अर्धी शिकवण या काही पानांत आहे. पण झेनोफनचा स्वारही निर्भय गृहीत धरलेला आहे. सैलपणा त्याने हाडे वाचवण्यासाठी आणि दिसायला डौलदार म्हणून सांगितला.

पायाला आधार मिळण्याची सुरुवात आपल्याकडे दिसते. लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या लेण्यांत आणि सांचीच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतल्या शिल्पांत, स्वारांचे पाय पट्ट्यात अडकवलेले आहेत. दोन्ही पायांची धातूची रिकीब चीनमध्ये चौथ्या-पाचव्या शतकात आली आणि तिथून पश्चिमेला गेली. रिकिबीने स्वाराला भक्कम केले, भाला पेलायला बळ दिले. पण तिच्यामुळे पाय रोवून, अंग ताठ करून लगाम ओढायचीही सोय झाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्या ताठपणाचे पुस्तकी रूप १५५० साली नेपल्समध्ये छापले गेले. फेदेरिको ग्रिझोने या सरदाराच्या ग्रंथाची युरोपभर भाषांतरे झाली. घोड्याला थोपटावे, गोंजारावे असेही तो सांगतो. पण अडून बसलेल्या घोड्यासाठी त्याने दिलेले उपाय वाचवत नाहीत. काठीला जिवंत मांजर बांधून ते पोटाखाली धरायचे, शेपटीखाली साळू बांधायचा, आणि लगामाचे लोखंड तर असे की त्याची चित्रे पाहूनच जबडा दुखतो. ज्यांनी या ग्रंथाला विद्येचे पुनरुज्जीवन म्हटले, त्यांच्याशी मी सहमत नाही. विद्या परत आली असेल, झेनोफनचा स्वभाव परत आला नव्हता.

तो स्वभाव फ्रान्समध्ये परतला. आंत्वान द प्लुव्हिनेल इटलीतच शिकला, आणि पुढे बाल राजा तेराव्या लुईचा शिक्षक झाला. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ साली निघाले. राजा प्रश्न विचारतो आणि शिक्षक उत्तरे देतो, अशी त्याची रचना. मार अगदी शेवटचा, आधी घोड्याची समजूत पटवावी, हा त्याचा आग्रह. पुढे १७३३ साली ला गेरिनिएरचा ‘घोडदळाची शाळा’ हा ग्रंथ आला. खांदा आत घेऊन घोडा तिरका चालवण्याची कसरत त्याने मांडली, ती आजही जगभर रोज घेतली जाते. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल त्यालाच प्रमाण मानते. तिथे नवा स्वार दीर्घकाळ रिकिबीशिवाय आणि लगामाशिवाय, काव्यावर धरलेल्या घोड्यावर बसवला जातो. दोरी शिक्षकाच्या हातात, घोडा गोल फिरतो आहे, आणि स्वाराने फक्त बसायला शिकायचे. मांड हा स्वतंत्र अभ्यास आहे ही समज तिथे पक्की झाली. पण तीही राजवाड्याच्या आत.

इटालियन घोडदळातला फेदेरिको काप्रिल्ली हा या वंशातला मोठा बंडखोर. १८६८ साली लिव्होर्नोत जन्मलेला. तोपर्यंत अडथळ्यावरून उडी मारताना स्वार मागे रेलत, पाय पुढे फेकत आणि लगामाला लोंबकळत. बिचाऱ्या घोड्याच्या तोंडाला हिसका बसे आणि पाठीवर धपका. पिनेरोलोच्या घोडदळ शाळेत काप्रिल्लीने रिकिबी आखूड केल्या, स्वाराला पुढे झुकवले, हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ दिले. घोड्याला उडी येते, तुम्ही फक्त आड येऊ नका, एवढेच त्याचे म्हणणे. तो १९०७ मध्ये घोड्यावरून पडूनच गेला. लिहिले त्याने थोडेच, शिष्यांनी ते जगभर नेले. आज उड्यांच्या स्पर्धेत कुठेही पुढे झुकलेला स्वार दिसला की तो काप्रिल्लीच्या घराण्यातला.

तरीही स्वारी अजून फौजेचीच होती. किती, ते १९४८ च्या लंडन ऑलिंपिकवरून कळते. स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, सुवर्णपदक जिंकले, आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतले गेले, कारण संघातला एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट निघाला. नियम अधिकाऱ्यांसाठीच होता. १९५२ साली हेलसिंकीत तो बदलला, साध्या शिपायांना आणि बायकांनाही ड्रेसाजमध्ये उतरता आले, आणि तिथेच या कथेने वळण घेतले.

लिस हार्टेल ही डेन्मार्कची. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, गरोदर असताना तिला पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मले, पण तिच्या गुडघ्याखाली जोर उरला नाही. पुन्हा घोड्यावर बसताना ती पडली, पुन्हा बसली. ज्युबिली नावाची घोडी घेऊन ती हेलसिंकीत उतरली तेव्हा तिला घोडीवर चढायला आणि उतरायला माणसे लागत. टाच मारणे तिला शक्यच नव्हते. वजन कुठे टाकायचे, पाठ कधी रोखायची आणि कधी सोडायची, एवढ्याच भाषेत ती घोडीशी बोलली आणि रौप्यपदक घेऊन गेली. स्टॉकहोमला १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. हेलसिंकीत पदक स्वीकारताना पायरी चढायला तिला सुवर्णपदक विजेता हेन्री सां सिर यानेच हात दिला. शतकानुशतके पोलादी पोटऱ्यांचे कौतुक केलेल्या या विद्येत, पोटऱ्यांशिवायही घोडा चालतो हे तिने सर्वांदेखत दाखवले. उपचार म्हणून घोडेस्वारी जगात रुजली, त्यात तिचा वाटा मोठा आहे.

दुसरी बाई अमेरिकेची. सॅली स्विफ्ट १९१३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मली, आणि लहानपणीच तिच्या पाठीचा कणा वाकडा असल्याचे कळले. तिला मेबल टॉड ही शिक्षिका भेटली. शरीराला हुकूम सोडून ते सरळ होत नाही, मनात योग्य चित्र धरले की स्नायू आपोआप जागा शोधतात, हा टॉडबाईंचा सिद्धान्त. १९३७ सालच्या ‘द थिंकिंग बॉडी’ या पुस्तकात तो त्यांनी मांडला. स्विफ्टबाई घोड्यावर बसायला शिकल्या त्या या अभ्यासासोबत. आयुष्याचा मोठा काळ व्हरमाँटमध्ये गाईंच्या जातिनोंदणीच्या संस्थेत नोकरी, आणि निवृत्तीनंतर ओळखीच्यांना घोडेस्वारीचे धडे. सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ साली, ‘सेंटर्ड रायडिंग’ हे त्यांचे पुस्तक आले. आजचे प्रत्येक ‘निर्धास्त स्वारी’चे पुस्तक त्याचे देणे लागते.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी चार. नजर एका बिंदूवर रोखू नका, मऊ ठेवून सगळीकडचे दिसू द्या. श्वास खोल घ्या. बेंबीखालच्या मध्यावर लक्ष आणा. आणि पाय, ओटीपोट, छाती, डोके एकावर एक रचलेले ठेवा. वरवर पाहता योगवर्गात शोभतील अशा या सूचना. पण त्यांच्यामागचे कारण घोड्याच्या पाठीवरच समजते. स्वार घाबरला की श्वास कोंडतो. श्वास कोंडला की पोट आणि कंबर घट्ट होतात. घट्ट कंबर घोड्याची चाल झेलू शकत नाही, मग दुडकीत स्वार उसळून आपटतो. आपटू नये म्हणून तो पाय आवळतो. आवळलेला पाय म्हणजे घोड्याला पुढे जाण्याची खूण, म्हणून घोडा वेग घेतो. मग स्वार लगाम ओढतो. आता पाय ‘पळ’ म्हणतो आहे आणि हात ‘थांब’. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवणाऱ्या जनावराला हे सगळे एकाच वेळी जाणवते, आणि कळप करून राहणारे भित्रे जनावर त्यातून एकच अर्थ काढते: जवळपास कुठे तरी धोका आहे. ही साखळी पहिल्या कडीवर, श्वासावर तोडायची, हे स्विफ्टबाईंनी शिकवले. घाबरटपणा हा स्वभावाचा दोष न मानता त्याला शरीरातला पत्ता दिला, हे त्यांचे मोठेपण. जिच्या शरीरात खोट होती तिनेच हे शोधावे हा योगायोग नाही. निरोगी तरुण अधिकाऱ्याला मांड कशी बसते ते सांगता येत नव्हते, कारण ती त्याला आपसूक जमत होती.

इथे एक सावधगिरी. ‘सैल सोडा’ हा उपदेश एकटा दिला तर घात करतो. ब्रिटिश प्रशिक्षक मेरी वॉनलेस यांनी १९८७ च्या ‘राइड विथ युवर माइंड’पासून नेमके यावर बोट ठेवले. उत्तम स्वार सैल दिसतो, पण त्याच्या धडाचे स्नायू चांगलेच कामात असतात. नवशिक्याला नुसते ढिले व्हायला सांगितले तर तो पोत्यासारखा आदळतो. या दोघींत विरोध आहे असे काहींना वाटते. मला वाटत नाही. सांधे मोकळे आणि धड जागे, ही एकाच मांडीची दोन कामे आहेत, आणि झेनोफनने मांडीची पकड व लोंबता पाय एकत्र सांगितले होते ते याच अर्थाने.

महाराष्ट्रात ही विद्या तोंडी राहिली. शिलेदार, बारगीर, चाबूकस्वार, मोतद्दार अशा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घोडे घडवले आणि त्यावर पोरांना बसवले. आज माथेरानचे घोडेवाले, सारंगखेड्याच्या बाजारात घोडा फिरवून दाखवणारे स्वार, पुण्या-मुंबईच्या रायडिंग स्कूलमधले निवृत्त फौजी उस्ताद घाबरलेल्या माणसाला पाठीवर बसवण्याचे काम रोज करतात. काय बोलल्यावर आवळलेला हात सुटतो, कोणत्या घोड्यावर भित्रे पोर आधी बसवायचे, पडलेल्याला पुन्हा कधी चढवायचे, हे त्यांना नेमके माहीत आहे. जे घोडेस्वारी शिकत आहेत त्यांनी आपल्या उस्तादांचे हे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, ते हयात आहेत तोवर.