‘बंद’ला पाडलेली भोकं

मोटर यॉटवर इंजिनखोलीच्या दाराशी बहुधा लाल मुठीचा एक गोल स्विच असतो. तबकडीवर ‘१’, ‘२’, ‘दोन्ही’ आणि ‘बंद’ अशा चार जागा. मूठ ‘बंद’वर आली की बोटीतली वीज मेली, असं मालक धरून चालतो. प्रत्यक्षात ती पुरती मेलेली नसते, आणि त्यात कुणाचा निष्काळजीपणाही नसतो. विसाव्या शतकातल्या अमेरिकी बोटींचा इतिहास पाहिला तर दिसतं की आग आणि पाणी या दोन शत्रूंमध्ये तडजोड करता करता नियम करणाऱ्यांनीच ‘बंद’ला जाणूनबुजून भोकं पाडली.

सुरुवातीच्या कायद्यांना भीती होती ती पेट्रोलची. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात बॅटरीवरच्या लाँचींनी लोकांना पाण्यावरून फिरवलं खरं, पण पुढे बाजी मारली पेट्रोल इंजिनानेच. ते हाताने फिरवून चालू करायचं, ठिणगी मॅग्नेटोतून यायची. बॅटरीवाचून फारसं अडत नसे. पेट्रोलची वाफ मात्र हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचून राहते. म्हणून १९१० च्या कायद्याने पेट्रोलची आग विझवण्याचं साधन सक्तीचं केलं आणि १९४० च्या कायद्याने कार्बुरेटरला ज्वालारोधक व बिल्जला वायुवीजन मागितलं. दरम्यान १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. मोटारीतून तो बोटीत उतरला आणि त्याच्यामागोमाग बॅटरीने तिथे ठाण मांडलं. मग दिवे, रेडिओ, फ्रिज, पंप. नियम मागून धावत आले. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल १९५४ मध्ये स्थापन झाली, तर वायरिंगचे संघीय नियम १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर, तेही आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांच्या बोटींपुरते.

बारा व्होल्टला एवढं काय भ्यायचं, असं कुणी म्हणेल. धक्क्यापुरतं ते बरोबर आहे. आग मात्र करंटवर पेटते. बॅटरी आणि केबल मिळून ५ मिलिओहम रोध धरला तर शॉर्ट सर्किटमध्ये सुमारे २,४०० अँपिअर वाहतात, म्हणजे २९ किलोवॉटच्या आसपास उष्णता. स्टार्टरची केबल इंजिनाच्या थरथरीने एखाद्या लोखंडी पट्टीवर घासत राहते, वरचं रबर झिजतं, आणि एके दिवशी आतलं तांबं थेट इंजिनाला टेकतं. फ्यूज वाचवेल, ही अपेक्षा इथे फोल ठरते. कौन्सिलच्या मानकात बॅटरीला जोडलेल्या तारेचा फ्यूज साधारणपणे सात इंचांच्या आत हवा असतो, पण स्टार्टरच्या केबलला त्यातून सूट आहे, कारण स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि ऐन वेळी फ्यूज उडाला तर इंजिनच चालू होणार नाही. बोटीतली सर्वांत जाड तार अशी बिनफ्यूजची राहिली. ८०० अँपिअरपेक्षा जास्त क्रँकिंग क्षमतेच्या बॅटरीला स्विच सक्तीचा करण्यातली संगती मला इथेच दिसते.

मग ‘बंद’ पूर्ण बंद का नाही? कारण धक्क्याला रिकामी बांधलेली बोट जळू शकते तशी बुडूही शकते. प्रॉपेलरच्या दांड्याच्या पॅकिंगमधून पाणी थेंब थेंब येतच असतं. ते साचून फ्लोट वर उचलला गेला की बिल्ज पंप आपणहून सुरू होतो. मेन स्विचबरोबर तोही मेला तर बोट पाहायला कुणीच उरत नाही. म्हणून बिल्ज पंप, वाफेचा इशारा देणारं यंत्र अशा मोजक्या गोष्टी स्विचच्या अलीकडून जोडायची मुभा मिळाली, अर्थात फ्यूज लावून. सूट दिली की ती फोफावते, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. त्या बाजूला पुढे स्टिरिओही लटकतो. पण तो दोष नोंद न ठेवणाऱ्याचा. पंपाची बारीक, फ्यूज असलेली तार पेटण्याचा धोका आणि पंपाविना बुडण्याचा धोका एका तागडीत घालण्यासारखे नाहीतच.

स्विचच्या घडणीनेही घोळ वाढवला. बॅटरी निवडणं आणि वीज तोडणं, दोन्ही कामं एकाच मुठीकडे. इंजिन चालू असताना मूठ चुकून ‘बंद’वर गेली तर अल्टरनेटरचा भार एकदम सुटतो, व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जळू शकतात. चालू-बंदचा साधा स्विच वेगळा आणि बॅटऱ्या आपोआप जोडणारा रिले वेगळा, ही अलीकडची मांडणी त्या मानाने शहाणपणाची. लिथियम बॅटरीत तर तोडण्याचा निर्णय माणसाच्या हातातूनच निसटला. आतली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, धोका दिसताच स्वतः वीज तोडते, मग बोट अरुंद खाडीतून चाललेली का असेना. दिवे, रेडिओ, सुकाणूचा पंप सगळं एकाच क्षणी जाऊ शकतं. २०२२ च्या ई-१३ या मानकात कौन्सिलने म्हणूनच बीएमएसने वीज तोडण्याआधी चालकाला इशारा द्यावा, अशी अपेक्षा घातली.