नक्कल कोण करतं?

१९३१ साली मानसशास्त्रज्ञ विन्थ्रॉप केलॉग आणि त्यांची पत्नी लुएला यांनी गुआ हे चिंपांझीचं पिल्लू आपल्या १० महिन्यांच्या डोनाल्डसोबत वाढवायला घेतलं. ९ महिन्यांत प्रयोग थांबला. गुआ बोलली नाहीच; उलट डोनाल्डच खाऊ दिसला की तिच्यासारखे आवाज काढू लागला होता.

२००५ साली हॉर्नर आणि व्हायटन यांनी खाऊची पेटी उघडून दाखवताना मुद्दाम एक निरुपयोगी पायरी घातली. पेटी पारदर्शक असली की चिंपांझी ती पायरी गाळायचे. ३-४ वर्षांची मुलं मात्र तीही करायची.

मग हुशार कोण? पेटीपुरता चिंपांझी. पण भाषा असो की स्वयंपाक, कारण कळण्याआधीच आपण करायला शिकतो. काही फुकटच्या पायऱ्या सोबत येतात. तेवढी या वारशाची किंमत.