सुप्याची खते आणि चार्ल्सटनची तोफ



एक कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला आणि विद्या का विसरली? प्रश्न तीन, उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. बिरबलाच्या नावावर हे कोडे खपते आणि ऐकणारा माना डोलावतो. पण घटकाभर विचार केला तर लक्षात येते की, तव्यावरची भाकरी उलटणे, घोड्याला रपेट देणे आणि पाठाची उजळणी करणे यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो आपल्या मराठी भाषेतील एका क्रियापदाचा. ज्या भाषेत असे क्रियापद नाही तेथे हे कोडे नेले की ते विरघळून जाते.

इतिहास वाचणाऱ्या माणसाला अशी कोडी घालण्याचा आणि सोडविण्याचा फार मोह होतो. कोठली तरी चार सुटी माहिती घ्यावी, ती एका दोऱ्यात ओवावी आणि ‘पाहा, कसे जमले!’ असे म्हणावे. मीही आज तेच करणार आहे. मात्र ओवताना प्रत्येक गाठ ओढून पाहणार आहे. काही गाठी सुटतील, तर सुटू द्याव्या.

माझे मणी असे आहेत. १२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटन बंदरासमोरच्या समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. मुंबईच्या विद्यापीठाशेजारी २८० फूट उंचीचा एक घड्याळाचा मनोरा आहे, तो १८७८ साली पुरा झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मिसरच्या खेदिवाने सुएझ कालव्याचे आपले शेअर इंग्लंडच्या सरकारला विकले. आणि त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, जिच्या पुण्याईवर आपण गावोगाव उन्हाळ्याच्या संध्याकाळी असे जमत असतो.

यांतील कोणते मणी एका दोऱ्यातले आणि कोणते उगीच शेजारी पडलेले?

दोरा म्हटला म्हणजे तो सुताचा, आणि सूत कापसाचे. अमेरिकेतील यादवी युद्ध सुरू होण्यापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. तो वेचणारे हात गुलामांचे होते. १८६० च्या शिरगणतीत त्या देशात गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. समटरवर तोफा सुटल्यावर आठवड्याच्या आत, १९ एप्रिलला, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांकडे प्रारंभी साठा पुष्कळ होता. तो सरला तेव्हा गिरण्या बंद पडू लागल्या आणि कामगारांच्या घरी चूल पेटेना. असे असूनही १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनच्या बाजूने, गुलामगिरीविरुद्ध, ठराव केला. लिंकनने पुढच्याच महिन्यात त्यांना पत्राने उत्तर दिले. ज्या नाकेबंदीने आपल्या तोंडचा घास गेला, तिच्या कर्त्याला पाठिंबा देणारी ही माणसे मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोठी वाटतात.

गिरणीमालकांची नजर मात्र हिंदुस्थानकडे वळली. आपल्या कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत, आणि तो शब्द चांगल्या अर्थाने वापरला जात नसे. धागा आखूड, त्यात सरकी, माती, प्रसंगी दगडही. देवा, कापूस पाठव, पण सुरती नको, अशी प्रार्थना तिकडे कोणी केल्याची गंमत सांगतात. भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ साली कायदा करावा लागला, यावरून तक्रार अगदीच खोटी नव्हती असे दिसते. पण गरजवंताला अक्कल नसते. भाव तिपटी-चौपटीने चढले आणि युद्धाच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीखेरीज सुमारे आठ कोटी पौंड मुंबईच्या पदरात पडले, असा हिशेब त्या काळाच्या जाणकारांनी मांडला आहे.

येथपर्यंतची गाठ पक्की आहे. कापूस जहाजात चढला, सोने उतरले. दोहोंच्या नोंदी आहेत.

पुढे काय झाले ते मुंबईकरांना सांगावयास नको. आलेला पैसा स्वस्थ बसेना. १८६५ च्या प्रारंभी त्या एका शहरात ३१ बँका होत्या! बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढण्याची एक कंपनी निघाली, तिच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांवर भाव आला. म्हणजे अजून पाण्याखाली असलेली जमीन लोक दहापट किमतीने विकत घेत होते. या सर्व उलाढालींच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद नावाचा एक तरुण सुरती जैन व्यापारी होता. वय पुरते पस्तिशीचेही नव्हते. त्याच्या शब्दावर बँका कर्जे देत. याच भरभराटीत, १८६४ साली, त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे, एवढीच इच्छा. तो राजाबाई टॉवर. आई दृष्टिहीन होती, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा तिचा नेम होता आणि घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी एक गोड कथा सांगितली जाते. कथा राहू द्या. पैसा कोठून आला ते आपल्याला ठाऊक आहे.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण गेला. युद्ध संपले आणि मुंबईचे स्वप्नही संपले. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता; त्या दिवशी देणाऱ्याजवळ पैसा नव्हता आणि घेणाऱ्याजवळही. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, ती १८७२ साली ६,४४,४०५ भरली. यावरून किती माणसे शहर सोडून गेली ते समजावे. प्रेमचंदही बुडाला, पण विद्यापीठाची देणगी अगोदरच पोचली होती. म्हणून तेजीचे इमले कोसळले तरी मनोरा मात्र उभा राहिला, तोही मंदीच्या काळात, तेरा वर्षांनी.

जाता जाता एक फाटा. याच आपत्तीत जमशेटजी टाटा लंडनमध्ये घसरत्या कापसाच्या हुंड्या घेऊन अडकून पडले होते. घराणे सावरले ते १८६८ च्या हबसाणच्या मोहिमेत फौजेला सामान पुरविण्याच्या मक्त्याने. आणि कापसाची गिरणी काढावयाची तर ती कापूस पिकतो तेथे, या विचाराने त्यांनी नागपुरास गिरणी उभारली, ती १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झाली. हा फाटा फार दूर जाईल. आपण मागे वळू.

आता अवघड गाठ. मुंबईच्या शेअरबाजारातून सुप्याच्या आठवडेबाजारात कसे यावयाचे? पुष्कळ पुस्तकांतून हे एका वाक्यात उरकलेले असते : कापसाचा भाव पडला, शेतकरी कर्जात बुडाला, त्याने दंगा केला. हे वाक्य मला पटत नाही. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले ते सुपे; भीमथडीचा तो मुलूख ज्वारी-बाजरीचा, कोरडवाहू. वऱ्हाड-खानदेशासारखा कापूस तेथे नव्हताच. तेव्हा कापूस पडला म्हणून सुपे पेटले, ही बिरबलाची भाकरी झाली.

परंतु गाठ नाही असेही नाही. ती दुसरीकडून बसते. तेजीच्या वर्षांत मुंबईचा पैसा आणि रेल्वेच्या कामाचा पैसा देशावर खेळू लागला. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. धान्य महागले, मजुरी आणि गाडीभाडे वाढले. शेतकऱ्याच्या हातात चार रुपये दिसू लागले, तशी त्याची पतही वाढली आणि सावकार सैल हाताने कर्ज देऊ लागला. नेमक्या त्याच सुमारास एक मुदत संपली. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास जमिनीचा सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला होता. फेरआकारणी आली ती १८६६–६७ मध्ये, चढलेले भाव डोळ्यांपुढे असताना. सारा कोठे दीडपट, कोठे त्याहूनही अधिक झाला. पुढे भाव उतरले. सारा उतरला नाही. तीस वर्षांची मुदत आणि अमेरिकेचे युद्ध यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पण दोन्ही एकाच वेळी येऊन शेतकऱ्याच्या मानेवर बसली. योगायोग म्हणतात तो हा, आणि तो इतिहासात खराच असतो.

यात कायद्याची भर पडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की, जुन्या खतांवर व्याज साचत राहू नये. झाले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहवून घेऊ लागला आणि मागील व्याज नव्या मुद्दलात मिळवू लागला. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. तो अंगठा उठवी. म्हणूनच सुप्यात जमावाचा राग कागदावर निघाला. माणसांना मारहाण थोडी झाली. हवी होती ती खते. त्यापूर्वी १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारावर बहिष्कार पडला होता. सुप्यानंतर तीसांहून अधिक गावांत हे लोण पोचले, नगर जिल्ह्यातही शिरले. ९५१ जणांना अटक झाली.

अलीकडच्या काळात नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली लेख लिहून या दंग्यांचे महत्त्वच फुगविलेले आहे, असे प्रतिपादन केले. गावांची संख्या पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि ज्या घटनेतून आयोग बसला आणि १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा झाला, ती लहान म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

येथे माझ्या मते खरी अडचण उभी राहते. साखळी कोठे थांबवावी, यावर दोष कोणाच्या माथी बसतो ते ठरते. सुप्याच्या जमावाने साखळी मारवाडी आणि गुजर दुकानदाराच्या ओसरीवर थांबविली. तो परगावचा, डोळ्यांत भरणारा. गावातला स्थानिक सावकार बहुतेक ठिकाणी सुटला. सरकारी आयोगानेही ठपका मुख्यतः सावकारी व्यवहारावर ठेवला, सारावाढीवर नव्हे. सरकारची साखळी सरकारच्या दारापर्यंत कशी यावी? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा सावकाराबरोबर सारा, कचेरी, कोर्ट आणि कारकून यांनाही त्यात ओढले. आणि आपण मुंबई, लिव्हरपूल, चार्ल्सटन असे मागे मागे जात राहिलो तर शेवटी दोषी कोणीच उरत नाही, केवळ ‘जगाचे भाव’ उरतात. जवळ थांबलो तर एका जमातीवर अन्याय होतो. दूर गेलो तर सगळेच सुटतात. मी स्वतः सारा बांधणाऱ्याच्या कचेरीपाशी थांबतो. भाव चढणे-उतरणे कोणाच्या हाती नव्हते. पण चढलेला भाव कायमचा धरून दर ठरविणे हे एका माणसाने, एका मेजावर, लेखणीने केलेले काम होते.

राहिले १८७५ चे मणी. सुएझचे शेअर आपल्याला सर्वांत दूरचे वाटतात, पण ते याच दोऱ्यात आहेत. अमेरिकेचा कापूस थांबला तेव्हा मिसरच्या कापसालाही सोन्याचे दिवस आले. खेदिव इस्माइल १८६३ साली गादीवर आला तो त्याच भरात, आणि त्या उत्पन्नाच्या भरवशावर त्याने कर्जे काढली. भाव पडले, कर्जे राहिली. कर्जाला कारणे आणखीही होती, त्याची हौस हे एक. पण शेवटी कालव्याचे १,७६,६०२ शेअर सुमारे चाळीस लाख पौंडांना डिझरेलीच्या हाती गेले. सुप्याचा कुणबी आणि मिसरचा खेदिव एकाच लाटेवर चढले आणि एकाच ओहोटीत सापडले. खेदिवाची खते मात्र कोणी जाळली नाहीत. १८८२ साली इंग्रजी फौजच वसुलीला आली.

मुंबईच्या शेअरदलालांनी आपली संघटना केली तीही १८७५ मध्येच. ती या हकिकतीची सख्खी वारस आहे, कारण तेजीने जन्माला घातलेला आणि मंदीने पोळलेला तो वर्ग. आर्यसमाजाची मुंबईत स्थापना त्याच सालची. तिचा येथे संबंध नाही.

आणि वसंत व्याख्यानमाला? साल तेच, जिल्हा तोच. मोह अनावर व्हावा असाच हा योग आहे : तिकडे खते जळत होती, इकडे रानडे लोकांना शहाणे करीत होते, वगैरे. असे एखादे वाक्य म्हटले तर टाळ्याही पडतील. पण सुपे पेटले म्हणून व्याख्याने सुरू झाली, किंवा व्याख्याने ऐकून सुपे पेटले, असे म्हणण्यास मला आधार सापडत नाही. मी हा मणी बाजूला काढून ठेवतो. सुप्याच्या बाजारात त्या दिवशी जमलेल्यांपैकी कोणी पुण्यास व्याख्यान ऐकावयास येत असेल, असे वाटत नाही.