कार्ब्युरेटरकडे परतीची वाट

२४ मे २०१४ रोजी हुगळी जिल्ह्यातील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात अँबॅसडरचे उत्पादन थांबले. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या बेहालासारख्या उपनगरांत, डायमंड हार्बर रस्त्याच्या गर्दीत, ही गाडी त्यानंतरही धावत राहिली. शहराच्या पिवळ्या टॅक्सीच्या पोटात उत्तरकाळात बहुधा डिझेल इंजिन असे. पेट्रोलवरील अँबॅसडरने मात्र इंधनपुरवठ्याची दोन युगे पाहिली. १४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या ब्रिटिश इंजिनावर कार्ब्युरेटर होता; १९९०च्या दशकात आलेले इसुझू बनावटीचे १८०० सीसीचे इंजिनही प्रथम कार्ब्युरेटरवर चालले आणि पुढे इंजेक्शनवर गेले. म्हणूनच ‘इंजेक्शन काढून पुन्हा कार्ब्युरेटर बसवावा काय?’ हा प्रश्न जुन्या गाड्यांच्या जगात आजही विचारला जातो.

कार्ब्युरेटरचे तत्त्व साधे आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते तेव्हा तिथला दाब घटतो आणि फ्लोट चेंबरमधील पेट्रोल बारीक जेटमधून आपोआप वर ओढले जाते. १८९३च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी फवारा उडवणारा कार्ब्युरेटर घडवला, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे मोटारीवर त्याचेच राज्य राहिले. विजेची गरज नाही, संगणक नाही. जेटमध्ये कचरा अडकला तर तो खोलायचा, फुंकर मारायची, स्क्रू फिरवून आयडलिंग लावायचे. इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रण ओळखणारा मिस्त्री ही या यंत्राचीच निर्मिती होय.

या साधेपणातच त्याची मर्यादा होती. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग इंधनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटर हवेचे वजन मोजत नाही; तो फक्त तिच्या वेगाला प्रतिसाद देतो. तापमान बदलले, गाडी घाट चढली, की प्रमाण ढळते. बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. १९७६ साली व्होल्वोने धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक बसवला, आणि इंजिन स्वतःचा धूर तपासून इंधन कमी-अधिक करू लागले. त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो याच अचूक प्रमाणाच्या अरुंद पट्ट्यात.

भारतात हे परिवर्तन बाजारापेक्षा कायद्याने घडवले. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९च्या आदेशाने दिल्ली परिसरात युरो मानके आली. २००१ साली भारत स्टेज-२ मुंबई व कोलकात्यात पोहोचले. २०१० साली भारत स्टेज-४ लागू झालेल्या तेरा शहरांत कोलकाता होते, तसेच मुंबई, पुणे आणि सोलापूरही.

आता उलट प्रवासाकडे पाहावे. जुन्या इंजेक्शन गाडीचे नियंत्रक संगणक आणि संवेदक दुर्मिळ होतात. ते मिळाले तरी दोष शोधणारे उपकरण प्रत्येक गॅरेजात नसते. अशा वेळी कार्ब्युरेटर सुटकेसारखा वाटतो. परंतु तो नुसता वर बसवून भागत नाही. इंजेक्शनचा पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरला त्याचा दहावा हिस्साही फार होतो, अन्यथा फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल ओसंडते आणि आगीचा धोका उद्भवतो. म्हणून कमी दाबाचा पंप हवा, निराळा इनटेक मॅनिफोल्ड हवा. ठिणगीची वेळही तोच संगणक ठरवत असल्याने डिस्ट्रिब्युटर किंवा स्वतंत्र इग्निशन यंत्रणा लागते. शिवाय मिश्रणात पेट्रोल जास्त झाले, तर न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवून निकामी करते.

शेवटची अडचण पीयूसी केंद्रावर येते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड क्षम्य आहे. स्टेज-२ व ३च्या गाडीला ०.५ टक्के, तर स्टेज-४च्या गाडीला केवळ ०.३ टक्के. कार्ब्युरेटर बसवला म्हणून गाडीचे जन्मसाल मागे जात नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कठोर अर्थ उचलून धरला.

कार्ब्युरेटर अस्पृश्य झाला असे मात्र नव्हे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील खासगी दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता दिली, ती मूळ स्वरूप जपण्याच्या अटीवर. उत्तरपाड्यात १९६०च्या दशकात घडलेल्या अँबॅसडरवरील कार्ब्युरेटर त्यामुळे जपण्याजोगा वारसा ठरतो. तोच कार्ब्युरेटर चाळीस वर्षांनंतरच्या इंजेक्शन गाडीवर चढला, की बेहाल्याच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड वाढवतो. परतीची वाट यंत्रशास्त्राने बंद केलेली नाही. तिच्यावर चालण्याची किंमत मात्र गाडीचा मालक एकटा भरत नाही.