वेंटवर्थ वूडहाउसची पागा
वेंटवर्थ वूडहाउसची पागा ही इंग्लंडमधील साउथ यॉर्कशायर परगण्यात, रॉदरहॅम शहराजवळील वेंटवर्थ या गावी असलेली अठराव्या शतकातील वास्तू आहे. यॉर्कचे वास्तुविशारद जॉन कार यांनी ती रॉकिंगहॅमचे दुसरे मार्क्विस चार्ल्स वॉटसन-वेंटवर्थ यांच्यासाठी उभारली. ब्रिटनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत तिला सर्वोच्च, म्हणजे प्रथम श्रेणी आहे.

मार्क्विस दोनदा (१७६५–६६ आणि १७८२) ब्रिटनचे पंतप्रधान झाले. तथापि राजकारणाइतकाच त्यांचा जीव घोड्यांत रमत असे. 'व्हिसलजॅकेट' हा त्यांचाच घोडा. जॉर्ज स्टब्ज यांनी सुमारे १७६२ साली काढलेले त्याचे जवळजवळ पूर्णाकृती चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात स्वार नाही, लगाम नाही आणि पार्श्वभूमीही नाही. डॉनकास्टर येथे १७७६ मध्ये धावलेली आणि पुढे 'सेंट लेजर' नावाने प्रसिद्ध झालेली पहिली शर्यत त्यांच्याच घोडीने जिंकली.

पागेचे काम १७६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. चौसोपी वाड्याप्रमाणे मधोमध प्रशस्त चौक, चहूबाजूंनी दगडी इमारती, दर्शनी बाजूस कमानीचे प्रवेशद्वार आणि त्यावर घुमटी अशी तिची रचना आहे. येथे ८४ घोड्यांची सोय होती. शिवाय घोडेस्वारीच्या सरावासाठी स्वतंत्र दालन होते. मुख्य प्रासादाची पूर्वेकडील दर्शनी बाजू सुमारे १८५ मीटर लांब असूनही नवख्या माणसाला ही पागाच प्रासाद वाटावी, इतका तिचा थाट आहे. मार्क्विस १७८२ मध्ये पंतप्रधानपदी असतानाच निधन पावले. मालमत्ता त्यांचे भाचे चौथे अर्ल फिट्झविल्यम यांच्याकडे गेली आणि त्यांच्या काळात, १७८९च्या सुमारास, काम पूर्ण झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांच्या आदेशाने प्रासादाच्या आवारात कोळशाच्या उघड्या खाणी खोदल्या गेल्या. भूमिगत खाणकामामुळे जमीन खचण्याचा प्रश्नही येथे जुना आहे. १९५० पासून लेडी मेबल शारीरिक शिक्षण महाविद्यालय येथे भरू लागले, तेव्हा पागेतही विद्यार्थिनींच्या गरजेनुसार फेरबदल झाले. पुढे शेफील्ड सिटी पॉलिटेक्निकने १९८८ पर्यंत ही जागा वापरली.

त्यानंतर खासगी मालकीत असलेली ही मालमत्ता २०१७ मध्ये एका संवर्धन न्यासाने ७० लाख पौंडांना खरेदी केली. पागेची दुरुस्ती करून तिचा सार्वजनिक कार्यक्रमांसाठी व व्यवसायांसाठी उपयोग करणे, हा न्यासाच्या योजनेचा भाग आहे.