अ‍ॅग्रॅबिलिटी

अपंगत्व, जुनाट आजार किंवा वार्धक्य यांमुळे काम अवघड झालेले शेतकरी, पशुपालक व शेतमजूर यांना शेतीतच टिकून राहता यावे, म्हणून अमेरिकेत राबविण्यात येणारा कार्यक्रम. तरतूद १९९० च्या शेती कायद्यातील. प्रकल्प १९९१ पासून. निधी केंद्रीय कृषी खात्याचा. ‘अ‍ॅग्रिकल्चर’ व ‘अ‍ॅबिलिटी’ (क्षमता) यांच्या जोडातून नाव बनले.

याचे मूळ इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात सापडते. मज्जारज्जूला इजा झालेल्या एका शेतकऱ्याने १९७९ मध्ये तेथे मदत मागितली आणि प्रा. विल्यम फील्ड यांच्या पुढाकाराने ‘ब्रेकिंग न्यू ग्राउंड’ हे केंद्र उभे राहिले. राष्ट्रीय प्रकल्पाची धुरा काही वर्षे विस्कॉन्सिन विद्यापीठाकडे होती. २००८ मध्ये ती पर्ड्यूकडे आली.

कार्यक्रमात भाग घेणाऱ्या विद्यापीठाच्या कृषी विस्तारसेवेने अपंगांसाठी काम करणाऱ्या एखाद्या सेवाभावी संस्थेला सोबत घेतलेच पाहिजे, ही अट सर्वांत मोलाची. विस्तार कार्यकर्त्याला पीक कळते, पण व्हीलचेअरवरच्या शेतकऱ्यापुढे तो अवघडतो. व्यवसायोपचार तज्ज्ञाला सांधे कळतात, पण गोठ्यातला चिखल त्याने पाहिलेला नसतो. म्हणून प्रशिक्षण दोघांचेही. दवाखान्यातल्या तपासणीपेक्षा शेतावरची फेरी महत्त्वाची मानली जाते : माणूस ट्रॅक्टरवर कसा चढतो, बादली कोणत्या हाताने उचलतो, फाटक उघडायला किती वेळा खाली उतरतो. मग उपाय सुचवायचे. ट्रॅक्टरला जादा पायरी किंवा उचलणी, हाताने चालणारे ब्रेक व क्लच, मान वळत नसेल तर मागे पाहायला कॅमेरा. अशा साधनांची ‘टूलबॉक्स’ नावाची सूचीही आहे. मात्र घरी वेल्डिंग करून केलेली जुगाडे नीट तपासावी लागतात, कारण पहिल्या अपंगत्वावर दुसरी इजा ओढवण्याची भीती खरी असते.

व्हीलचेअरचे चित्र डोळ्यांसमोर येत असले, तरी संधिवात आणि पाठदुखीचे शेतकरीही येथे मोठ्या संख्येने येतात. त्यांतले बरेच जण स्वतःला अपंग म्हणवून घेत नाहीत. शब्द जपून वापरणे हाही प्रशिक्षणाचा भाग असतो.

अवजारांसाठी या कार्यक्रमातून पैसे मिळत नाहीत. ते बहुधा राज्याच्या व्यावसायिक पुनर्वसन खात्याकडे मागावे लागतात, आणि तिथला अर्ज कसा भरायचा हेही सल्लागारालाच ठाऊक असावे लागते.